सौम्य म्हणजे कमजोर?

सौम्यपणा आणि कमजोरी यांत फरक कोणता? आमच्या उर्दू शाळेच्या वर्गात रोज पडणारा हा प्रश्न एका उन्हाळ्यात न्हाणीघरात आमच्यासमोर उभा राहिला. हातात इलफर्ड एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मचा एकच रोल होता. त्यात दादी होती. दुपारच्या उन्हात उंबरठ्यावर बसलेली, डोक्यावर पांढरी ओढणी, मागे घराचा अंधार. फोटो काढले आणि महिन्याभरात ती गेली. रोल घरीच धुवायचा होता आणि दुसरी संधी नव्हती. डेव्हलपर किती पातळ करावा, एवढेच ठरवायचे होते.

आमचा डेव्हलपर आयडी-११. मूळ द्रावणात पाणी न घालता ही फिल्म २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटांत होते. एकास एक पाणी घातले तर १३ मिनिटे, एकास तीन घातले तर २० मिनिटे लागतात. निगेटिव्ह तिन्ही रीतींनी तयार होते. मग निवड कशासाठी?

दाट द्रावणातले सोडियम सल्फाइट सिल्व्हर हॅलाइडच्या कणांच्या कडा किंचित विरघळवते. दाणा मऊ होतो, पण रेषेची धार जाते. पातळ द्रावणात दाणा दिसतो, तशी सुरकुतीही दिसते. शिवाय ओढणीसारख्या उजळ जागी डेव्हलपर लवकर खर्च होतो आणि तिथले काम मंदावते. सावलीत तो शिल्लक असतो, तिथे काम चालू राहते. ज्याला आधीच भरपूर मिळाले त्याला आवर, ज्याला थोडे मिळाले त्याला वेळ. टाकी सतत हलवत राहिलो, तर मात्र हा न्याय मोडतो. उजळ जागेलाच पुन्हा पुन्हा ताजा डेव्हलपर मिळतो. पहिल्या बाकावरच्या मुलांनाच प्रश्न विचारत राहावे, तसे ते होते.

पण पातळ करण्यामागे कधी कंजूषीही असते. मागे शाळेच्या गॅदरिंगचा रोल आम्ही एकास तीननेच धुतला होता, पण ३०० मिलिलिटरच्या छोट्या टाकीत. मूळ द्रावण अवघे ७५ मिलिलिटर. वेळ पूर्ण दिला, तरी मुलांचे चेहरे फिके निघाले. दोष पातळपणाचा नव्हता, फिल्मचा हिस्साच आम्ही कापला होता. आणि त्याला आम्ही काटकसर म्हणत होतो!

म्हणून या वेळी दोन रिळांची मोठी टाकी घेतली आणि तिच्यात एकच रोल भरला. १५० मिलिलिटर मूळ द्रावणात ४५० मिलिलिटर पाणी घातले. छोट्या टाकीत एकास एक केले असते, तरी मूळ द्रावण एवढेच लागले असते. बचत शून्य. टाकी परातीतल्या पाण्यात ठेवून, त्यात बर्फ टाकत २० मिनिटे उष्णता राखली.

निगेटिव्हमध्ये ओढणीची वीण आली, दादीच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्याही आल्या. मागची लाकडी पेटी मात्र आली नाही. तिच्यापर्यंत उजेड पोचलाच नव्हता, आणि जे उजेडाने लिहिले नाही ते कोणताही डेव्हलपर वाचू शकत नाही. तो दोष आमच्या फोटो काढण्याचा.

वर्गात आवाज खाली आणताना आता आम्ही स्वतःला विचारतो: आपण पाणी वाढवले, की हिस्सा कमी केला?