काचेच्या आतले पाणी

माणसाने मासा पाळावा की नाही, असा प्रश्न आमच्या पेण तालुक्यात कोणाला विचारला तर तो आधी हसेल. येथे मासा पाळणे म्हणजे जिताडा पाळणे. पावसाळ्यात खाडीतून पिल्ले आणायची, गावच्या तळ्यात सोडायची, दोन-तीन वर्षे वाढू द्यायची आणि जावई किंवा कोणी मोठा पाहुणा आला की जाळे टाकायचे. तळे, मासा आणि ताट यांचा संबंध इतका उघड आहे की त्यात नीतीचा प्रश्न कोणाला पडत नाही. पण चार फूट लांबीच्या काचेच्या पेटीत सहा मासे ठेवायचे, ते खायचे नाहीत, विकायचे नाहीत, नुसते पाहायचे, असे मी ठरवले तेव्हा खारेपाटातले एक ओळखीचे शेतकरी पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, खायचा नाय, तं ठेवायचा कशाला?"

मी हसून वेळ मारून नेली. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी गेले वर्षभर शोधतो आहे.

हा नाद मला लागला रोह्यास, माझ्या सासुरवाडीला. लहानपणी शाळेच्या सहलीत मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयातल्या काचा मला पुढे कितीतरी दिवस स्वप्नात दिसत. ते सारे मी विसरलो होतो. मग एका संध्याकाळी मेहुण्यांच्या ओळखीच्या घरी डिस्कस मासे पाहिले. थाळीसारखे गोल, चपटे, निळ्या रेघांचे. ते पोहत नव्हते, तर एखाद्या घरंदाज बाईने माजघरातून ओटीवर यावे तसे सावकाश येत होते. घरधन्याने सांगितले की या माशाची पिल्ले पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. आई थकली की बाप पुढे होतो. एवढे ऐकले आणि मी पेटी घेण्याचे ठरवून टाकले. माणूस मोहात पडतो तेव्हा त्याला कारण नेहमी चांगलेच सापडते!

शास्त्राचा मी विद्यार्थी नव्हे. तरी जे शिकावे लागले ते सांगतो. डिस्कस हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा; हेकेल नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४० साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्याला पाणी मऊ लागते आणि कोमट लागते, २८ ते ३० अंशांचे. तो कळपाने राहतो, म्हणून पाच-सहा तरी हवेत, आणि त्यांना पेटी मोठी हवी. माझ्या पेटीत सव्वातीनशे लिटर पाणी मावते.

पण खरी मेख निराळीच आहे. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते मासा बऱ्यापैकी सोसतो. हे जिवाणू गाळणीत वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. तोवर पेटी तयार दिसते, पण तयार नसते. शेजारी विचारीत, "गुरुजी, नुसते पाणीच पाळले आहे काय?" मला तो विनोद सहन झाला नाही. तिसऱ्याच आठवड्यात मी मासे आणून सोडले. चौथ्या दिवशी दोन मेले. दोष दुकानदाराचा नव्हता. त्याने थांबायला सांगितले होते. वर्गात मुलांना धीराचा धडा शिकवणाऱ्या माणसाने आपल्या अधीरपणाची किंमत दोन मुक्या जिवांना द्यायला लावली होती.

त्यानंतर मी शहाणा झालो. थेंब घालून पाणी तपासू लागलो, थंडीच्या रात्री उठून तापमान पाहू लागलो, आणि दर रविवारी शंभर लिटर पाणी काढून तेवढेच ताजे घालू लागलो. नायट्रेट बाहेर जाण्याचा तोच सोपा मार्ग. आपण आता जबाबदार माणूस झालो, असे मला वाटू लागले होते.

फाल्गुनात माझ्या वर्गातली काही मुले मासे पाहायला आली. त्यांत खारेपाटातली एक मुलगी होती. सगळी मुले माशांकडे पाहत होती; ती माझ्या हातातल्या नळीकडे पाहत होती. तिने विचारले, "सर, हे पाणी टाकून देता?"

"हो. दर आठवड्याला शंभर लिटर."

ती काही बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती.

पेणचा खारेपाट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका बाजूला खाडी, मध्ये बांध, आत भातशेती. जमिनीखाली गोडे पाणी जवळजवळ नाहीच. याच तालुक्यात हेटवण्याचे धरण आहे आणि त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. खारेपाटातल्या बायांनी मात्र वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे. तिकडे रोह्याची कुंडलिका वाहते ती बऱ्याच अंशी मुळशीच्या पाण्यावर. भिऱ्याला वीज करून झाल्यावर ते नदीत सोडतात. त्या मुळशीच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, पुढे सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. पाणी कोणाचे, हा प्रश्न आमच्या मुलखाला नवा नाही. नवा होता तो मला, कारण माझा नळ चालू होता.

त्या रात्री मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. म्हटले, सर्वांना पाणी मिळेपर्यंत सुंदर असे काही करायचेच नाही काय? मग पेणच्या कारखान्यांतल्या गणपतींना रंग तरी कशाला द्यायचा? युक्तिवाद खोटा नव्हता. सौंदर्य ही माणसाची चैन नव्हे, भूकच आहे. पण हा युक्तिवाद करणाऱ्याच्या घरी बहुधा पाणी असते, हेही खरे.

मग वाटले, मासे सोडून द्यावेत. आमची धाकटी तर गणपतीत म्हणालीच होती, "बाबा, बाप्पाला पाण्यात पोचवतो, मग माशांना केव्हा पोचवायचे?" पण बाप्पा मातीचा, तो पाण्याला परत देता येतो. हे मासे पिढ्यान्‌पिढ्या हौदांत पैदा झालेले. त्यांना अ‍ॅमेझॉन ठाऊक नाही आणि आमची नदी त्यांची नव्हे. परका मासा नदीत सोडला तर एक तो मरतो, नाहीतर तेथल्या माशांना मारतो. म्हणजे घेताना माझ्या हाती निवड होती. घेतल्यावर उरले ते केवळ कर्तव्य. आणि नीट सांभाळला तर डिस्कस दहा वर्षेही जगतो!

मग माझी चूक कोठे होती? ती मला एका निराळ्याच आठवणीत सापडली. मुले येऊन गेली त्याच्या आदल्या महिन्यात त्या मुलीच्या गावचे दोन पालक माझ्याकडे आले होते. पाण्याच्या मागणीचा अर्ज नीट भाषेत लिहून हवा होता. मी म्हणालो, "परीक्षा जवळ आल्या आहेत, सध्या वेळ नाही." ते नमस्कार करून गेले. आणि मी पेटीपुढे जाऊन बसलो. दोन तास!

चूक मासे पाळण्यात नव्हती. पाण्याच्या थेंबाथेंबाची काळजी मी शिकलो होतो, पण ती काळजी काचेपाशी थांबली होती. आतल्या पाण्यातल्या विषाचे मला मोजमाप ठाऊक होते. बाहेर पाणी कोणाला मिळते आणि कोणाला नाही, याची मी चौकशीही केली नव्हती. प्रेम लहान जागेपासून सुरू होते याला माझी हरकत नाही; आईचेही तसेच असते. पण ते तेथेच राहिले तर त्याला प्रेम म्हणावे की हौस?

दुसऱ्या दिवशी मी त्या पालकांना निरोप धाडला. अर्ज लिहिला, पुढे आणखी दोन लिहिले, तालुक्याच्या कचेरीत त्यांच्याबरोबर बसलो. त्याने पाणी आले असे सांगून मी तुम्हांला फसवणार नाही. अर्जाने पाणी लगेच येत नसते. पेटीतले काढलेले पाणी आता परसातल्या झाडांना जाते. त्यातले नायट्रेट त्यांना खताचे काम करते. अनंताला यंदा फुले बरी आली. पण एवढ्याने हिशेब फिटला असे मी मानीत नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे बंब पेटेल, गीझर लागतील, घराघरांतून सुगंधी उटण्याचे पाणी मोऱ्यांतून वाहील. ते वाहू द्या. सणाचा आनंद कमी करा असे सांगायला मी बसलो नाही. माझे मासेही त्या दिवशी ताज्या पाण्यात असतील. फक्त पहिला तांब्या अंगावर घेताना, हे पाणी कोठून आले आणि वाटेत कोणाचे दार चुकवून आले, एवढे एकदा मनाशी विचारून पाहा. मला ते एका तेरा वर्षांच्या मुलीने विचारले. खरे पाहता तिने विचारलेही नाही. ती नुसती नळीकडे पाहत राहिली.