राखणीचा आवाज

सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या की सास्तूरच्या शिवारात पहाटे एक आवाज ऐकू येतो. "हाऽऽट! हुर्रर्र! निघ तिकडं!" मग जरा खोकला. थोड्या वेळानं पुन्हा तेच शब्द आणि नेमका तोच खोकला. जवळ जाऊन पाहावं तर तिथं माणूस नाहीच. बांधावरच्या मेढीला भोंगा टांगलेला, त्यात नखाएवढं मेमरी कार्ड आणि कार्डात शेताच्या मालकाचा आवाज. रानडुकरांसाठी.

या कार्डाचा वंश मोठा आहे. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि कॅसेट कमरेला लागली. १९९८ मध्ये दक्षिण कोरियातला एमपीमॅन हा एमपी३ प्लेअर आला. त्याची साठवण ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. तेवढी तरी मावली ती एमपी३ च्या युक्तीमुळे. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला कळत नाही, मग तो ठेवायचाच कशाला? असं झाडून-पाखडून गाणं सीडीवरच्या एक दशांशाएवढं होतं. सुपातली पाखडणीच ती. २००१ मध्ये आयपॉडनं खिशात हजार गाणी घातली, २०२२ मध्ये तोही बंद झाला. आपल्याकडे आयपॉड किती जणांनी पाहिला असेल कोण जाणे, आपण मोबाइलच्या दुकानात कार्ड देऊन सांगायचो, "दोन जीबी भरून द्या, आधी हरिपाठ टाका."

वॉकमन-आयपॉडनं गाणं एकट्याच्या कानात नेऊन बसवलं. इथं त्याच घराण्यातलं कार्ड एका माणसाची आरोळी सगळ्या शिवारात फिरवतं. मला हा वापर जास्त आवडतो.

पण पहाटेचा हा आवाज ऐकताना मन मागं जातंच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, नाचून-वाजवून दमलेली माणसं गाढ झोपेत, आणि भूकंपानं इथल्या दगडामातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. लातूर-उस्मानाबादेत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ते कॅसेटचे दिवस होते. टेपमध्ये प्रल्हाद शिंदे होते, सिनेमाची गाणी होती. घरातल्या आईचा, चुलत्याचा आवाज कोण भरून ठेवणार? कोरी कॅसेट आणून त्यात आपलंच बोलणं भरायचं म्हणजे पैशाची नासाडी. ढिगाऱ्यातून कुणाला एखादा फोटो सापडला असेल. आवाज कुठून सापडणार?

एका म्हाताऱ्याला विचारलं, "आबा, डुकरं खरंच भितात का?"

"चार रोज भितेत. मग वळखतेत."

"मग?"

"मग नातवाला म्हणतो, नवी शिवी भर."

आबा हसले, खोकले. खोकला तोच, भोंग्यातला. तोवर तांबडं फुटलं होतं. बॅटरी वाचवायची म्हणून त्यांनी मेढीवर हात नेला आणि बटण दाबलं. भोंग्यातले आबा "हाऽऽ" एवढ्यावरच थांबले, आणि खालचे आबा काठी घेऊन पाळीतले डुकरांच्या खुरांचे ठसे बघत निघाले.