काटेझुडपाची सावली
(शास्ते ९ : १–२१)



गिदोनाच्या मृत्यूनंतर आपल्यावर अधिकार कोणी चालवावा, हा प्रश्न शखेम गावापुढे आला. गिदोनाला सत्तर पुत्र होते. शिवाय शखेमातील दासीपासून झालेला अबीमलेख होता. तो प्रथम आजोळी गेला आणि मामांच्या तोंडून गावाला कळविले, की मी तुमच्याच हाडामांसाचा आहे, हे विसरू नका. एवढ्यावर लोकांची मने वळली. त्यांनी बआल-बरीथाच्या देवळातून रुप्याची सत्तर नाणी काढून त्याच्या हाती दिली. त्या पैशाने त्याने रिकामटेकडे लोक भाड्याने घेतले आणि आपल्या भावांचा एकाच धोंड्यावर वध केला. धाकटा योथाम तेवढा लपून वाचला. हिशेब करू जाता एका भावाच्या प्राणास सुमारे एक नाणे पडले.

ग्रामपंचायतीची निवडणूक आली म्हणजे आपल्या गावांत याहून निराळे काय ऐकू येते? आधी भावकी आणि मागाहून पैसा. १५ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्रात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले. त्याच्या तोंडावर राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका रद्द केल्या, कारण तेथे पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले होते. अशा लिलावाचे समर्थन बहुधा असे होते, की रक्कम देवकार्यासच लागणार आहे. हे ऐकून आपण इतरांकडे बोट दाखवू नये. उद्या कोणी आपल्या उपासनामंदिराच्या पत्र्यासाठी मोठी रक्कम देऊ केली आणि मोबदल्यात वस्तीची सगळी मते मागितली, तर पंचकमिटीच्या बैठकीत किती जण उठून नाही म्हणतील? शखेमाचा पैसाही देवळातूनच आला होता. गावाने एकदिलाने माणूस बिनविरोध निवडला तर त्यात दोष नाही. परंतु बोली लावून झालेला बिनविरोध म्हणजे गरिबाच्या हातचे मत त्याला न विचारता विकणे होय.

आता योथामाचा दृष्टान्त. गरिजीम डोंगरावर उभे राहून त्याने झाडांची गोष्ट सांगितली. झाडे राजा निवडावयास निघाली. जैतुनाने म्हटले, मी आपले तेल का सोडावे? अंजिराला आपल्या गोडव्याची काळजी, द्राक्षवेलीला आपल्या रसाची. अखेर झाडे काटेझुडपाकडे गेली, आणि ते लगेच तयार झाले. उलट, माझ्या सावलीत येऊन बसा, असे म्हणाले. काटेझुडपाला सावली कोठली? त्याच्यातून निघतो तो अग्नी.

आपण नेहमी काटेझुडपाला बोल लावतो. मला मात्र जैतुनाचा जबाब अधिक खटकतो. गावातील निवृत्त गुरुजी, बचतगटाचा चोख हिशेब ठेवणारी बाई, चार घरांचे भांडण मिटविणारा शेतकरी, यांना विचारावे तर म्हणतात, त्या चिखलात आम्ही कशाला उतरावे? परंतु नळाचे पाणी, गटार, दिवाबत्ती, दफनभूमीची वाट, ही सगळी त्याच चिखलातून ठरतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के भाग केवळ पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी राखलेला होता. तो पैसा कोणाच्या दारापर्यंत पोहोचावा, हे सांगणारा माणूस आपण निवडतो, अथवा घरी बसून निवडू देतो. वयाची २१ वर्षे पुरी झालेल्या मतदाराला उभे राहता येते. (कायद्यात अपात्रतेची काही कारणे आहेत, ती अर्ज भरण्यापूर्वीच विचारून घ्यावी.)

शपथेविषयी पुष्कळ जण चोरून विचारतात. रात्री कोणी घरी येतो, नोटा ठेवतो, पवित्र शास्त्रावर हात ठेवावयास लावतो. मग भोळ्या मनुष्याला वाटते, की दुसऱ्यास मत दिले तर शपथभंगाचे पाप लागेल. हेरोदानेही मेजवानीत शपथ वाहिली होती, आणि ती पाळण्यासाठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर कापविले. त्याने शपथ पाळली म्हणून कोणी त्याला धार्मिक म्हटले आहे काय? दुष्कर्माची शपथ बांधीत नाही. नोटा परत कराव्या, आणि मत विवेकाने द्यावे. मतासाठी पैसे देणे व घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि त्यांना एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. आपण कोणते बटण दाबले हे यंत्र कोणास सांगत नाही. सांगतो म्हणणारा धमकी देत असतो.

तुम्ही विचाराल, पाळकसाहेब, मग मत द्यावे कोणाला? ते मी सांगणार नाही. मतदाराला देवाच्या कोपाचे किंवा धर्मदंडाचे भय घालणे हा निवडणुकीतील गैर दबाव आहे, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सांगितले आहे, आणि त्यापूर्वीच्या दंडसंहितेतही तसेच होते. हा नियम मला योग्य वाटतो. व्यासपीठ हे उमेदवाराचे नव्हे.

अबीमलेखाने तीन वर्षे अधिकार चालविला. पुढे त्याच शखेमाच्या बुरुजाला त्याने फांद्या रचून आग लावली आणि सुमारे हजार स्त्रीपुरुष भस्म झाले. त्याचा अंत तेबेसात एका स्त्रीच्या हातून झाला. तिने बुरुजावरून जात्याची वरची तळी त्याच्या डोक्यावर टाकली. तिचे नाव शास्त्रात नाही. आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, तरी कित्येक गावी सरपंच बाईंचे नावही असेच कोणास ठाऊक नसते. खुर्चीवर पतिराज बसतात व बाई सही करतात. ज्या घरात असे चालते, त्या घरच्या पुरुषाने हा अध्याय पुन्हा वाचावा.

मतदानाच्या दिवशी घाई करू नये. साधारणतः प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडावयाचे असतात, आणि २०२२ पासून पुन्हा सरपंचासाठी थेट मत आहे. म्हणजे बटणेही तितकीच दाबावयाची. वृद्ध मंडळी एक दाबून परत फिरतात. शेवटचे मत दिल्यावर यंत्राची लांब शिट्टी वाजते, तोवर थांबावे. कोणीच पसंत नसल्यास तसेही बटण आहे.

परंतु यादीत नाव नसेल तर हे सारे व्यर्थ. पंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते. म्हणून १८ वर्षे पुरी झालेल्यांनी नमुना ६ भरावा. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, यांपैकी ज्या तारखेला वय भरेल तीवरून नाव घालता येते. नावात चूक असल्यास किंवा राहण्याचे ठिकाण बदलले असल्यास नमुना ८. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी दिवाळीनंतर गाव सोडण्यापूर्वी हे उरकावे, कारण निवडणुकीची तारीख कारखान्याचा पट्टा पडण्याची वाट पाहत नाही, आणि मग गाडी पाठवून आणविणारा माणूस भाडे मतात वसूल करतो. प्रभागाची प्रारूप यादी प्रसिद्ध होताच मंडळीतील एका शिकलेल्या तरुणाने ती आणावी, आणि उपासनेनंतर बाहेर ओट्यावर बसून प्रत्येक घराचे नाव मोठ्याने वाचावे. ख्रिस्ती घरांचीच नव्हे, त्या आळीतील सर्वांची.