कथा कुणाची, मुद्रा कुणाची

16 जून 2023 रोजी ‘आदिपुरुष’ प्रदर्शित झाला आणि दोन दिवसांतच चर्चा चित्रपट बरा की वाईट यावरून एका जुन्या प्रश्नावर गेली. हनुमानाच्या तोंडची टपोरी भाषा लोकांना झोंबली. सोन्याची लंका काळपट का, रावणाचा अवतार असा का, अशी विचारणा सुरू झाली. निर्मात्यांच्या बाजूनं खुलासा आला, की हा चित्रपट रामायणापासून प्रेरित आहे, रामायण नव्हे. अखेर काही संवाद बदलावे लागले. दिग्दर्शक ओम राऊत मराठी, त्यामुळे महाराष्ट्रात हा वाद जरा जास्तच घरचा झाला. एका बाजूचं म्हणणं, रामायणात ढवळाढवळ करण्याचा अधिकार कुणी दिला? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, रामायणं एवढी झाली, त्यात आणखी एक झालं तर बिघडलं काय?

दोन्ही बाजू तावातावानं बोलत होत्या आणि दोघांचंही अर्धंच खरं होतं. पवित्र कथा पुन्हा सांगताना काय चालतं आणि काय चालत नाही, याचा विचार मराठी मुलखानं फार पूर्वी केलेला आहे. त्याच्या खुणा अहिल्यानगर जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारी अजून जागेवर आहेत.

पहिली खूण नेवाशाची. ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली असं परंपरा मानते, तो ‘पैस’ खांब तिथं आजही उभा आहे. गीतेचे श्लोक सातशे, ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. उरलेला सगळा विस्तार ज्ञानदेवांचा: दृष्टान्त, उपमा, श्रोत्यांशी लडिवाळ बोलणं, अर्जुनाचं लाडावणं. मूळ संस्कृत आणि आपली मराठी शेजारी ठेवली तर अस्सल कोणती हे ओळखू येणार नाही, असं ते दहाव्या अध्यायात ठामपणे सांगतात. पण ग्रंथाच्या शेवटी ते काय करतात ते पाहण्यासारखं आहे. गोदावरीचा काठ, राज्य करणारा रामचंद्र यादव, आपली गुरुपरंपरा, सगळं ते नोंदवतात. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290, हे सालही ग्रंथाच्या अखेरीस आहे. हे व्यासांचं नव्हे, मी सांगितलेलं आहे, इथं बसून सांगितलेलं आहे, असा तो पत्ता आहे.

दुसरी खूण नेवाशापासून फार लांब नसलेल्या पैठणची. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून शिरलेले पाठ त्यांनी बाजूला काढले आणि शेवटी सक्त ताकीद दिली, की या ग्रंथात कुणी आपली ओवी घुसवू नये. एवढं वाचून नाथ कर्मठ संपादक वाटतील. पण याच नाथांनी ‘भावार्थ रामायण’ लिहायला घेतलं, तेव्हा वाल्मीकींची कथा मोकळ्या हातानं फुलवली. हे काम युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आलं आणि नाथ गेले. पुढचा भाग गावबा या त्यांच्या शिष्यानं पुरा केला, हेही परंपरेनं लपवलेलं नाही.

इथं विसंगती दिसते, पण ती नाही. ज्ञानेश्वरीत आपली ओवी घातली तर ती ज्ञानदेवांच्या नावावर जाते. भावार्थ रामायणात घातली तर नाथांच्या नावावर राहते. नाथांचा आक्षेप भर घालण्यावर नव्हता, दुसऱ्याच्या मुद्रेखाली आपला माल खपवण्यावर होता.

तिसरी खूण राहुरी तालुक्यातल्या ताहराबादची, आणि आजच्या चित्रपटांच्या दृष्टीनं हीच सर्वांत महत्त्वाची. ताहराबादचे महिपती (1715 ते 1790) हे संतचरित्रकार. ‘भक्तविजय’ 1762 चा, अध्याय सत्तावन्न. ‘भक्तलीलामृत’ 1774 चं, अध्याय एक्कावन्न. नामदेव, कबीर, चोखामेळा, जनाबाई, तुकाराम यांच्या ज्या गोष्टी मराठी घरांत आजी नातवाला सांगते, त्यांतल्या बहुतेकांचा घाट महिपतींच्या हातचा. अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांनी पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्यानं 1930 च्या दशकात या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरं काढली, तेव्हा मराठी संत जगाला भेटले तेही महिपतींच्याच शब्दांत.

महिपती तुकोबांनंतर शतकभरानं आले. त्यांनी तुकोबांना पाहिलं नव्हतं. तुकोबांनी स्वप्नात येऊन आपल्याला उपदेश केला अशी त्यांची श्रद्धा होती. तरीही भक्तविजयाच्या आरंभीच ते श्रोत्यांना आपले आधार सांगून मोकळे होतात: उत्तरेकडचे नाभाजी आणि माणदेशातले उद्धवचिद्‌घन. यातलं काही मी मनानं रचलेलं नाही, या दोघांचं एकत्र केलं आहे, असा त्यांचा सूर आहे. चमत्कारांनी ओसंडून वाहणाऱ्या ग्रंथाची सुरुवात आधारांच्या कबुलीनं व्हावी, ही थोडी गोष्ट नव्हे.

या तीन उदाहरणांमागे एक तत्त्व आहे आणि ते भारतीय तर्कशास्त्राच्या ओळखीचं आहे. न्यायदर्शन शब्दाला ज्ञानाचं साधन मानतं, पण कुणाच्याही शब्दाला नाही. बोलणारा आप्त असला पाहिजे: ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो खरं सांगू इच्छितो, असा. देवाधर्माच्या बाबतीत ऐकणाऱ्याला स्वतः पडताळून पाहण्याची सोय फारशी नसते. तो माणसावर विश्वास ठेवतो. ‘तुकोबा म्हणाले’, एवढ्यानंच त्याचं काम होतं. म्हणून बोलणारा कोण, हे बदललं की कथेचा एक शब्दही न बदलता तिचं प्रामाण्य बदलतं. कल्पनेनं भरलेला प्रसंग हे असत्य नव्हे. तो कल्पनेचा आहे हे ऐकणाऱ्यापासून दडवणं, हे असत्य.

वारकरी कीर्तनात ही सीमा कानाला ऐकू येते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या हरिनाम सप्ताहात रात्रीच्या कीर्तनाला बसावं. महाराज अभंग घेतात, त्याचे चरण सोडवत जातात, मधेच बाजारातला, कारखान्याच्या गेटवरचा, सूनबाई-सासूबाईंचा दृष्टान्त देतात. तो सांगताना मागं उभे असलेले टाळकरी स्तब्ध असतात. मग महाराज तुकोबांचं किंवा ज्ञानोबांचं प्रमाण म्हणू लागतात आणि अर्धा चरण झाला न झाला तोच टाळकरी तो उचलतात, पखवाज मिळतो, मांडव भरून जातो. संतांचं कुठं सुरू झालं आणि महाराजांचं कुठं संपलं, हे मागच्या रांगेतल्या निरक्षर म्हाताऱ्यालाही कळतं. महाराजांचा दृष्टान्त पटला नाही तर चहा घेताना त्यावर टीका होते. प्रमाण चुकलं तर एखादा टाळकरी जागच्या जागी हळूच दुरुस्त करतो.

सिनेमाला ही सोय नाही. पडद्यावर सगळं एकाच प्रकाशात येतं.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 च्या डिसेंबरात मुंबईत लागला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, पटकथा शिवराम वाशीकरांची, तुकोबा विष्णुपंत पागनीस. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आजारी पोराला एका हातानं ओढत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन विठोबाच्या देवळात घुसणारी गौरीबाईंची जिजाई ज्यानं पाहिली, त्याला भक्ती आणि संसाराचं भांडण कुणी वेगळं समजावून सांगावं लागत नाही. परंपरेत तुकोबांचे विरोधक म्हणून मंबाजी आणि सालोमालो ही दोन माणसं. चित्रपटानं छळाचा सगळा भार एकट्या सालोमालोवर टाकला. विमान आलं, गरुड आला, तुकोबा वर गेले. महिपतींच्या वळणावरची ही मांडणी होती आणि ती लोकांना आपली वाटली.

त्या चित्रपटात पागनीसांच्या तोंडी एक गाणं आहे, बीजातून वृक्ष आणि वृक्षातून पुन्हा अनंत बीजं, असा अद्वैताचा दृष्टान्त मांडणारं. ते तुकोबांचं नाही. ते शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलं. ते इतकं सहज बेतलेलं होतं की कित्येकांनी ते तुकोबांचाच अभंग म्हणून मनात साठवलं, भजनात गायलं. आठवल्यांनी त्यात ‘तुका म्हणे’ घातलेलं नाही. भाषा तुकोबांच्या काळाची, भाव त्यांच्या वळणाचा, पण मुद्रेची जागा त्यांनी मोकळी सोडली. ज्या चित्रपटातला खलनायक दुसऱ्याचे अभंग आपले म्हणून मिरवतो, त्याच चित्रपटाच्या गीतकारानं स्वतः एवढं पथ्य पाळावं, हे मनापासून आदर वाटावं असं आहे. घोटाळा झाला तो पडद्याच्या स्वभावामुळे: टाळ थांबले आहेत, हे ऐकू येण्याची सोय तिथं नव्हती.

पाश्चात्त्य जगात हाच प्रश्न वारसाहक्काच्या वाटेनं जातो. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर पीटर जॅक्सन यांनी 2001 ते 2003 या काळात तीन चित्रपट काढले. टॉम बॉम्बाडिल गाळला, फॅरामीरचा स्वभाव बदलला. त्यावर चाहते आजही भांडतात, आणि लेखकाचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी आपली नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली. 2009 साली काही चाहत्यांनी गोलमच्या शोधावर स्वतःच एक चित्रपट काढून फुकट दाखवला. पुढं इतर हातांनी रंग, संगीत, नाटक घेऊन यात भर घालावी, अशी इच्छा तरुणपणी आपल्याला होती, असं खुद्द टॉल्किन यांनी 1951 च्या एका पत्रात लिहिलं होतं. तरी तिथं शेवटचा शब्द परवानगीचा असतो. व्यास-वाल्मीकींचा असा कुणी वारस नाही, कुणाकडे सही मागायची सोय नाही. म्हणून इथं जबाबदारी परवानगी देणाऱ्यावरून उठून सांगणाऱ्यावर येते, आणि ती जास्त जड आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नाव लावलं म्हणजे काहीही चालेल का? चालणार नाही. आपल्या नावानं सांगितलेली कथाही उथळ, अवमानकारक, भाविकाला दुखावणारी असू शकते. पण तिच्यावर वाद घालता येतो, कारण जाब विचारायला समोर कुणीतरी असतं. ‘आदिपुरुष’चे संवाद कुणी लिहिले हे लोकांना ठाऊक होतं, म्हणून ते बदलले गेले. जी भर निनावी राहून मुळात मिसळते, तिचं काय? लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. मयसभेत घसरलेल्या दुर्योधनाला द्रौपदी आंधळ्याचा मुलगा आंधळा म्हणून हिणवते, हा प्रसंग पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1966 मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. तरी कित्येक पिढ्यांनी युद्धाचा ठपका एका बाईच्या जिभेवर ठेवला. निनावी भर एवढं मोठं नुकसान करू शकते. उलट शिवाजी सावंतांनी 1967 साली ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाला जे दिलं ते सावंतांचं म्हणून वाचता येतं, आवडतं, नाकारताही येतं.

रामानंद सागरांच्या 1987 च्या ‘रामायण’ मालिकेनं हे ओळखलं होतं. तिच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी आणि तुलसीदासांसोबत तमिळ कंब, बंगाली कृत्तिवास आणि मराठी भावार्थ रामायण यांची नावं झळकत. पुढच्या प्रत्येक पौराणिक चित्रपटानं हे करायला हवं, आणि आणखी एक पाऊल पुढं जाऊन, आमची भर कोणती तेही सांगायला हवं.

प्रेक्षकही काही देणं लागतो. रोज सकाळी फोनवर ‘तुका म्हणे’ लावलेल्या रचना येतात, त्यांतल्या कित्येकांची भाषा काल-परवाची असते. भाविक त्या हात जोडून पुढं पाठवतात. शासनानं छापलेल्या गाथेत साडेचार हजारांहून जास्त अभंग आहेत आणि शेवटी अकारविल्हे सूची आहे. शोधायला पाच मिनिटं लागतात. न सापडल्यास ती रचना वाईट ठरत नाही. तिच्या खालचं नाव तेवढं काढून मगच ती पुढं धाडावी.