गजराची खुंटी कोणाच्या हातात?



खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे चौथे शील आपण विहारात नेहमी ग्रहण करतो. नवदीक्षित घरांतून त्यावर एक शंका हमखास येते: पोटासाठी केलेला खोटेपणा या शीलाच्या आड येतो काय? शंका प्रामाणिक आहे. तिचे उत्तर हवेत देण्यापेक्षा एका लहानशा यंत्राच्या आधाराने शोधू.

अणुवीज केंद्रात धोक्याच्या जागी जाणाऱ्या कामगाराच्या छातीवर खिशात मावेल एवढे एक यंत्र असते. त्यास डोसीमीटर म्हणतात. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्यास वास नाही. म्हणून अंगावर किती मात्रा पडली ते यंत्र मोजते आणि ठरलेल्या आकड्यास पोचताच गजर करते. हा आकडा माणूस ठरवितो. समजा, कामाच्या जागी ताशी २ मिलिसिव्हर्ट मात्रा आहे व काम अर्ध्या तासाचे आहे. म्हणजे कामगाराच्या वाट्याला १ मिलिसिव्हर्ट येणार. पण गजर बरोबर १ वर लावून चालत नाही, कारण तो वाजल्यावर बाहेर पडेपर्यंत मात्रा चढतच राहते. म्हणून तो अलीकडे, ०.८ च्या आसपास लावावा लागतो. दुसरा गजर मात्रेच्या वेगाचा. तो वाजला म्हणजे समजावे की जशी जागा सांगितली होती तशी ती राहिलेली नाही.

आकडा फार खाली ठेवला तर यंत्र सारखे कोकलते आणि माणसे त्याकडे कानाडोळा करू लागतात. फार वर ठेवला तर ते बोलते तेव्हा उशीर झालेला असतो. सोण भिक्खूस तथागतांनी वीणेचा दाखला दिला होता, तो येथे कोणासही आठवेल. तार अति ताणू नये, सैलही सोडू नये. परंतु त्या दाखल्यात एक गोष्ट गृहीत आहे. वीणा वाजविणारा आणि खुंटी पिळणारा एकच होता. डोसीमीटर ज्याच्या छातीवर असतो, त्याच्या हाती खुंटी नसते.

जपानमध्ये फुकुशिमा दाईची केंद्रावर ११ मार्च २०११ रोजी त्सुनामी आली. सुमारे ५००० डोसीमीटरांपैकी वापरण्याजोगे सुमारे ३२० उरले, आणि महिनाअखेरपर्यंत एका टोळीत एकालाच ते देऊन काम भागविले. २४ मार्चला तिसऱ्या अणुभट्टीच्या टर्बाइन इमारतीच्या तळघरात काही कामगार तारा टाकीत होते. गजर २० मिलिसिव्हर्टवर लावलेले होते. ते वाजले. पण आदल्या दिवशी तेथे मात्रा कमी आढळली होती, म्हणून यंत्रच बिघडले असेल असे समजून ते काम करीत राहिले. तिघांवर १७० मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा पडली. दोघांच्या आखूड बुटांत किरणोत्सारी पाणी शिरले होते. या तिघांना बेफिकीर म्हणणे मला जमत नाही. कालच्या मोजणीवर विसंबून त्यांना आत पाठविले गेले होते आणि मात्रेवर नजर ठेवणारा जाणकार सोबत नव्हता. अप्रमाद पाळण्याची जबाबदारी केवळ तळघरात उतरणाऱ्याची कशी?

आता आपल्या शंकेकडे येऊ. त्याच वर्षी डिसेंबरात तेथल्या एका उपकंत्राटदार कंपनीच्या अधिकाऱ्याने कामगारांना डोसीमीटरवर शिशाचे झाकण घालावयास सांगितले. २०१२ च्या जुलैत हे उघडकीस आले. शिसे किरणे अडविते, आकडा कमी दिसतो, छाती मात्र उघडीच राहते. हेतू काय? मर्यादा भरली की कामगाराला काम बंद होते आणि कंत्राटदाराला माणूस उरत नाही. म्हणजे जो गजर जीव वाचवावयाचा, तोच पोटाचा वैरी ठरतो. झाकण घालणाऱ्याने यंत्राकडून खोटे वदविले, हे मान्य केलेच पाहिजे. शील मोडलेच, आणि नुकसान त्याच्याच देहाचे व कच्च्याबच्च्यांचे. तथापि तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत पाहिले. कामगाराच्या चेतनेत भूक होती, सांगणाऱ्याच्या चेतनेत नफा. खरे बोलणे ज्याने उपासमारीएवढे महाग करून ठेवले, त्याच्याकडे दोषाचा मोठा वाटा जातो असे मी मानतो. काहींनी झाकण घालण्यास नकार दिला, हेही सांगितले पाहिजे. (बुद्धाचे नाव घराघरांत असलेल्या देशात हे घडले. नाव घेऊन भागत नाही, हे आपणही ध्यानात घ्यावे.)

जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. मेलेले ढोर कोणी ओढावयाचे हे जन्माने ठरत होते. आज कंत्राटाच्या उतरंडीत सर्वांत खाली कोण, यावरून ठरते. सावकाराच्या वहीतला आकडा आपल्या आज्यापणज्यांना वाचता येत नव्हता. म्हणून ते आयुष्यभर फेडीत राहिले.

आपल्याकडे तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. भारतात अशा कामगारासाठी मर्यादा एका वर्षात ३० आणि पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आहे. तुमच्या घरातले कोणी अशा कामावर जात असेल, तर आज गजर कितीवर लावला आणि तो आकडा कोणत्या मोजणीवरून ठरविला, हे त्याने आत जाण्यापूर्वी विचारावे. गजर वाजल्यावर बाहेर आलो तर रोज कापला जाईल काय, हेही विचारावे. आणि याचे उत्तर लेखी मागावे.