‘हाउएव्हर’ कशाला, मॅडम?

माझ्याकडे एक कागद आहे. ए-फोर, पाठपोट, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून कडा काळ्या पडलेला. त्यावर इंग्रजीतल्या जोडशब्दांचे चार रकाने आहेत. भर घालणारे: मोरओव्हर, फर्दरमोर, इन ॲडिशन. विरोध दाखवणारे: हाउएव्हर, ऑलदो, नेव्हरदलेस. कारण-परिणाम सांगणारे: बिकॉज, देअरफोर, ॲज अ रिझल्ट. आणि क्रम लावणारे: फर्स्टली, देन, फायनली. ही चौकट माझी नाही. हॅलिडे आणि हसन या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ साली इंग्रजीतल्या जोडणीवर एक पुस्तक लिहिलं, त्यात साधारण हेच चार गट आहेत. पुढे ते क्लासवाल्यांच्या हाती पडले. मी त्या क्लासवाल्यांपैकीच एक.

मी पुण्यात परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवते. आयईएलटीएसचा मोठा निबंध ४० मिनिटांत किमान २५० शब्दांचा लिहायचा असतो. तपासायचे निकष चार आणि त्यांतला एक सुसंगती आणि जोडणीचा. म्हणजे पाव मार्क त्यात. त्यामुळे मुलं माझा कागद पाठ करतात आणि मग अशी वाक्यं येतात: मोरओव्हर मोबाइल वाईट आहे, फर्दरमोर डोळे बिघडतात, हाउएव्हर उपयोगी आहे, देअरफोर जपून वापरावा. प्रत्येक डब्याला एकेक इंजिन लावलेली गाडी. गंमत म्हणजे या परीक्षेच्या निकषांतच लिहिलंय की, यांत्रिकपणे लावलेल्या जोडशब्दांना गुण कमी. वरच्या बँडला तर जोड लक्षातही यायला नको.

हे समजवायला मी वर्गात नेहमी एकच उदाहरण द्यायचे. जोडशब्द म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या. पुढे वळण आहे, हे वाचणाऱ्याला आधी कळतं.

पाटी खोटीही असू शकते, हा विचार मी कधी केला नव्हता. तो एका मुलीने करायला लावला.

ती बीड जिल्ह्यातली. संख्याशास्त्रात एमएस्सी करायला परदेशातल्या एका विद्यापीठात अर्ज करत होती आणि तिचं एसओपी तपासायला माझ्याकडे आली होती. एसओपी म्हणजे ‘मी कोण, मला हेच का शिकायचंय’ हे सांगणारी दोन पानं. तिची सुरुवात अशी होती: ‘माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. मला बारावीला गणितात ९६ गुण होते.’ दोन सरळ वाक्यं, मध्ये पूर्णविराम.

मी लाल पेनाने त्या पूर्णविरामानंतर ‘हाउएव्हर’ लिहिलं. हात आपोआप गेला. वाक्य एकदम उभं राहिलं. अंधार आणि मग उजेड. एवढ्या अर्जांच्या ढिगात तपासणाऱ्याची नजर इथे थांबेल, असं मी तिला सांगितलंही.

तिने कागद बघितला. म्हणाली, ‘‘मॅडम, ‘हाउएव्हर’ कशाला? याच्यात उलटं काय आहे?’’

मी म्हटलं, ‘‘अगं, परिस्थिती बघ ना. तरीही तू…’’

‘‘तरीही म्हणजे?’’

ती भांडत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. पण मला उत्तर देता येईना, कारण जे उत्तर होतं ते तोंडाने म्हणण्यासारखं नव्हतं. ‘हाउएव्हर’चा अर्थ असा होता: ऊसतोड करणाऱ्यांची पोरं हुशार नसतात, ही मात्र आहे. हे वाक्य मी कधीच लिहिलं नसतं. कुणी लिहिलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. तरी ते मीच लिहिलं होतं, एका शब्दात, लाल पेनाने.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. दोन खरी वाक्यं जोडून खोटं बोलता येतं का?

तर्कशास्त्राला विचारलं, तर ते हात वर करतं. गॉटलोब फ्रेगे या जर्मन तर्कज्ञाने १८७९ साली लिहून ठेवलंय की, ‘आणि’ आणि ‘पण’ यांत तर्काच्या दृष्टीने फरक नाही. दोन्ही बाजूंची वाक्यं खरी असली की जोडवाक्य खरं. ‘पण’ने बोलणारा फक्त सुचवतो की, पुढे येणारी गोष्ट तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळी आहे. पुढे पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने ‘देअरफोर’ची अशीच उलटतपासणी केली. एखादा माणूस इंग्रज आहे, ‘म्हणून’ तो शूर आहे, असं कुणी म्हटलं, तर इंग्रज असण्यातून शौर्य येतं हे त्याने उघड विधान म्हणून मांडलेलं नसतं. पण त्या शब्दाच्या आडून ते आत शिरलेलं असतं.

मला यातला ‘आडून’ महत्त्वाचा वाटतो. उघड विधानाला उत्तर देता येतं. ‘‘काहीही काय बोलताय?’’ असं विचारता येतं. जोडशब्दाला काय विचारणार? त्याला पकडायला गेलं की तो म्हणतो, मी कुठे काय म्हटलं? मी तर दोन वाक्यं जोडली फक्त.

आणि आपण हे दिवसभर करतो. ‘गावाकडची आहे, पण काय इंग्लिश बोलते!’ ‘सावळी आहे, पण दिसायला स्मार्ट.’ ‘मुलगी असून गाडी मस्त चालवते.’ ‘त्यांच्यातला आहे, पण घर एकदम स्वच्छ.’ सगळी कौतुकाची वाक्यं आहेत. बोलणाऱ्याच्या मनात त्या क्षणी वाईट काही नसतंही. ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याला मात्र ‘पण’ ऐकू येतो. त्याला ‘थँक यू’ म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना आपल्या घराविषयीची, रंगाविषयीची, जातीविषयीची एक गोष्ट गुपचूप मान्य करावी लागते. कौतुकाची पावती फाडताना ही रक्कम वळती होते.

मी लगेच हार मानली नाही. शिक्षकी पेशात ती सवय नसते. मी म्हटलं, ‘‘अपेक्षा चुकीची आहे असं समजू. पण अडचण तर खरी आहे ना? तुझ्या टोळीतली किती मुलं एमएस्सीच्या अर्जापर्यंत आली? ‘हाउएव्हर’ तेवढंच सांगतंय.’’

ती म्हणाली, ‘‘मग तसं लिहू ना, मॅडम. दिवाळीच्या आगेमागे आम्ही कारखान्यावर जायचो, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. तेवढे महिने शाळा बुडायची. कोपीपासून शाळा लांब होती. ही अडचण. आईवडील ही अडचण नाहीत.’’

माझा ‘हाउएव्हर’ नेमका इथे चुकला होता. अडथळा होताच. पण मी तो तिच्या आईवडिलांच्या अंगावर टाकला होता. तो होता रस्त्यात, वेळापत्रकात, फडाजवळ नसलेल्या शाळेत. जोडशब्दाने फक्त नातं जुळत नाही, दोषही वाटला जातो. आणि ते इतकं पटकन होतं की वाटणाऱ्यालाही कळत नाही.

मग तिने गणिताचं सांगितलं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि मग टनावर ती फेडायची. दिवस बुडला तर खाडा, तोही कापला जातो. सहावीपासून ही मुलगी वहीत हिशोब ठेवायची: किती खेपा, किती टन, किती खाडे, वाढे विकून किती आले, उचल किती फिटली. मग मुकादमाच्या वहीशी ताळा. बेरीज चुकली तर घरचे पैसे जायचे, म्हणून ती चुकत नसे.

मला हवं ते सापडलं! मी ‘हाउएव्हर’ खोडलं आणि ‘बिकॉज’ लिहिलं. आईवडील ऊसतोड कामगार होते, ‘म्हणूनच’ गणित पक्कं झालं. काय सुंदर उलटापालट. अडचणीचं झालं कारण, आणि कुणाचा अपमान नाही. मी स्वतःवरच खूश झाले.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘मॅडम, माझा भाऊ पण त्याच कोपीत होता.’’

भाऊ दोन वर्षांनी मोठा. वही आधी त्याच्याकडेच होती. त्याने दहावीला शाळा सोडली. आता तो स्वतः कोयता घेऊन जातो, बायकोबरोबर.

‘‘माझ्यासाठी ‘बिकॉज’ लावलं, तर त्याच्यासाठी कोणता शब्द लावायचा?’’ मग संख्याशास्त्राची विद्यार्थिनीच ती, हसून म्हणाली, ‘‘सँपल दोनचं आहे, आणि त्यातलं एक विरोधात.’’

डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात बिलियर्डच्या चेंडूंवरून हे सांगितलं होतं. एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो, दुसरा हलतो. आपल्याला दोन घटना दिसतात, एकीमागून दुसरी. त्यांच्यामधलं ‘म्हणून’ कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही. तसंच घडताना वारंवार बघून आपल्याला सवय लागते आणि मन ते मधे घालतं. चेंडूंच्या बाबतीत निदान वारंवार बघितलेलं तरी असतं. माणसाच्या आयुष्यात आपण एकदाच बघतो आणि तेवढ्यावर ‘म्हणून’ लावून मोकळे होतो. ‘बिकॉज’ हा शब्द वरवर एकाच माणसाबद्दल असतो, पण त्याच्या पोटात एक नियम असतो: असं असलं की असं होतं. मग ज्यांचं तसं झालं नाही, ते त्या नियमात नापास. गरिबीने मुलगी घडली असं म्हटलं की, त्याच गरिबीत न घडलेल्या भावाने काय केलं, हा प्रश्न आपोआप त्याच्याकडे बोट दाखवतो. ‘हाउएव्हर’ने तिच्या आईवडिलांना दोष दिला होता. ‘बिकॉज’ने भावाला दिला असता.

त्या रात्री मी ‘म्हणून’ या शब्दाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. शाळेत आपण त्याला परिणामबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतो आणि एक मार्क घेतो. पण तो आला कुठून? म्हणणे, म्हणून. करणे, करून. जाणे, जाऊन. ‘म्हणून’चा मूळ अर्थ ‘असं म्हणून’, म्हणजे ‘असं बोलून’. पाऊस आला म्हणून गेलो नाही. ‘पाऊस आला’ असं कुणीतरी म्हणतंय, निदान मनात, आणि त्यावर पुढचं उभं आहे. इंग्रजीतल्या ‘देअरफोर’मध्ये बोलणारा दिसत नाही, जणू जगच निकाल देतंय. आपल्या शब्दात तो अजून बसलाय. आपल्यालाच तो ऐकू येईनासा झालाय.

ऐकू आला पाहिजे. ‘मोबाइल दिला नाही म्हणून मुलाने जीव दिला’ अशी बातमी फोनवर येते. आपण वाचतो, हळहळतो, खाली स्क्रोल करतो. तो ‘म्हणून’ कुणाचा आहे? मुलाचा? तो तर नाही राहिला. पोलिसांचा, शेजाऱ्याचा, की रात्री शीर्षक लावणाऱ्याचा? त्या घरातल्या आईला मात्र तो ‘म्हणून’ जन्मभर सांभाळावा लागतो.

मग काय, जोडशब्द सोडून द्यायचे? ते शक्य नाही. नुसते पूर्णविराम लावले, तर उरेल हजेरीपट. ‘सिगारेट ओढल्याने कॅन्सर होतो’ हे म्हणायला माणसांनी अनेक वर्षं आकडे गोळा केले आणि तो जोड सिद्ध केला. अन्यायाला नाव द्यायचं तरी ‘यामुळे’ म्हणावंच लागतं. ‘स्थलांतरामुळे शाळा बुडाली’ हे तिचं वाक्यही जोडवाक्यच आहे. फरक एवढाच की ‘कशावरून?’ विचारलं तर तिच्याकडे उत्तर होतं. माझ्या ‘हाउएव्हर’ला कुणी विचारलं असतं, तर माझ्याकडे फक्त सवय होती. विधानाची जबाबदारी आपण घेतो, तशी जोडाचीही घ्यावी. मला तरी ही भाषेची नाही, नीतीची गोष्ट वाटते.

तिने अर्ज पूर्णविराम ठेवूनच पाठवला. पहिली दोन वाक्यं तशीच. मग वहीबद्दल चार ओळी, बुडालेल्या शाळेबद्दल दोन, आणि एक ओळ भावाबद्दल: माझ्याआधी ही वही तो लिहायचा. मी तिला शेवटपर्यंत सांगत होते की, ‘हाउएव्हर’ असता तर वाचणाऱ्यावर जास्त परिणाम झाला असता. मला अजूनही तसं वाटतं, हे कबूल करते.

मार्चमध्ये तिचा व्हॉट्सॲप आला. ‘ॲडमिशन मिळालं. स्कॉलरशिप नाही.’

मी वाचलं आणि डोक्यात पहिलं काय आलं असेल? हाउएव्हर काढलं, म्हणून. विद्यापीठाने कारण कळवलं नव्हतं. माझ्याकडे त्या दोन घटना सोडून काही नव्हतं. तरी ‘म्हणून’ आलाच, न बोलावता. मी उत्तर टाइप करायला घेतलं: ‘ॲडमिशन मिळालं ना, पण’. तिथे बोट थांबलं. ‘पण’ खोडला.

मग फोन केला. विचारलं, ‘‘फी किती आहे? आणि कधीपर्यंत भरायची?’’