न वाचलेला कागद

सांगलीचा एक तरुण इंजिनिअर एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीतल्या एडिसनला पोचला. त्याला बोलावणाऱ्या कन्सल्टन्सीने गेस्ट हाउसच्या एका खोलीत चौघांची सोय केली आणि बजावलं, "सध्या बेंचवर राहा. प्रोजेक्ट लागला की पगार सुरू."

एक महिना गेला, दुसरा गेला, तिसरा संपत आला. शैक्षणिक कर्जाचा हप्ता बाबा पेन्शनमधून भरत होते. आई फोनवर विचारायची, "पगार वेळेवर होतो ना रे?" तो म्हणायचा, "हो गं." खोलीतल्या चौघांपैकी कुणीच तोंड उघडत नव्हतं. कंपनीशी बिनसलं की व्हिसा गेला, ही एकच गोष्ट सगळ्यांच्या मनात पक्की बसली होती.

मराठी मंडळाच्या गणपतीत त्याला एक आजोबा भेटले. ते लेकीकडे आले होते. मुंबईच्या कामगार न्यायालयात गिरणी कामगारांचे खटले लढवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी सहज नोकरीची चौकशी केली आणि पोराचे डोळे भरून आले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "रुजू होताना मिळालेले कागद घेऊन उद्या घरी ये."

दुसऱ्या दिवशी कागद टेबलावर पसरले. त्यात एलसीएची प्रत होती. व्हिसाचा अर्ज करण्याआधी कंपनीने अमेरिकेच्या कामगार खात्याला दिलेली ही लेखी हमी. त्यात पगाराचा आकडा स्पष्ट छापलेला होता. आजोबांची लेक पूर्वी याच व्हिसावर आलेली. ती म्हणाली, "अमेरिकेत उतरल्यापासून जास्तीत जास्त 30 दिवसांत पगार सुरू करावाच लागतो. काम नाही म्हणून बसवून ठेवलं तरी तो थांबवता येत नाही."

"पण ताई, तक्रार केली तर व्हिसा जाईल ना?"

"हे तुला कुणी सांगितलं?" आजोबांनी विचारलं.

"कंपनीच्या मॅनेजरनी."

"म्हणजे ज्याला पगार बुडवायचाय, त्याच्याकडूनच तू कायदा शिकलास!"

ताई म्हणाली, "खरा धोका गप्प बसण्यात आहे. उद्या दुसरी कंपनी तुझी एच-१बी ट्रान्सफर करेल, तेव्हा आधी पे-स्लिपा मागेल. काय दाखवशील? लेखी तक्रार केली असशील आणि त्याबद्दल कंपनीने सूड उगवल्याचा पुरावा असेल, तर इमिग्रेशन खातं त्याचा विचार करू शकतं."

त्या रात्री त्याने ऑफर लेटर, बँकेचे उतारे, बेंचवर बसायला सांगणारे ईमेल असं सगळं एकत्र केलं आणि थकलेला पगार लेखी मागितला. उत्तरादाखल धमकी आली. त्याने तीही जपून ठेवली आणि कामगार खात्याकडे तक्रारीचा डब्ल्यूएच-४ फॉर्म भरला. खोलीतल्या एकाने त्याच्यासोबत सही केली. उरलेले दोघे म्हणाले, "आत्ता नको. प्रोजेक्ट लागू दे, मग बघू."

पुढचे महिने कठीण गेले. दोन कंपन्यांनी पे-स्लिपा नाहीत म्हणून नकार दिला. तिसरीच्या वकिलाने तक्रारीचे कागद वाचले आणि ते अर्जाला जोडले. ट्रान्सफर मंजूर झाली. चौकशीला बराच काळ लागला, पण थकलेला पगार दोघांच्या हाती पडला.

उरलेल्या दोघांनाही पुढे प्रोजेक्ट लागले आणि पगार सुरू झाला. जम बसल्यावर त्यांनी जुन्या पगारासाठी तक्रार करायची ठरवली, तेव्हा कळलं की ती 12 महिन्यांच्या आत करावी लागते. मुदत उलटून गेली होती.

तात्पर्य: परदेशी नोकरीला जाणाऱ्याने विमानाच्या तिकिटाइतक्याच काळजीने आपले कागद वाचावेत. व्हिसा देणारं सरकार वेगळं आणि पगार देणारा मालक वेगळा. मालकाचा शब्द म्हणजे सरकारचा कायदा नव्हे. ज्याला आपला हक्क ठाऊक नसतो, त्याला कुणीही भीती घालू शकतं, मग तो कितीही शिकलेला असो. आणि हक्क ठाऊक असूनही जो वेळेत मागत नाही, त्याच्यासाठी कायदा थांबत नाही.